रिकाम्या जात्यातून पीठ पडत नाही

कुणी भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल, कुणी शेतातून येऊन आत्ताच टेकला असाल. हातातलं काम चालू राहू द्या, कान मात्र इकडे असू द्या. आज आपण चुंबक, तांब्याची तार आणि वारा यांच्याबद्दल बोलणार आहोत. हा विषय पुरुषांचा, वायरमनचा, आपल्याला यातलं काय कळणार, असं म्हणून रेडिओ बंद करू नका. आम्हीही तसंच म्हणत होतो, आणि त्यापायी आमच्या गटाचे चाळीस हजार रुपये जाता जाता राहिले.

आधी काय झालं ते सांगतो. आमचं गाव साताऱ्याकडच्या पठाराच्या कडेला आहे. चाळकेवाडी, वनकुसवडे इकडच्या मोठ्या पवनचक्क्या तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिल्या असतील. आमच्या वाडीवर वारा भरपूर, पण वीज कधी येईल नि कधी जाईल याचा नेम नाही. गटाने शेळ्यांचा गोठा घातलाय, तिथे रात्री उजेड हवा, फोन चार्ज व्हायला हवा. म्हणून घरगुती पवनचक्की बसवावी असा विचार बैठकीत निघाला. ही गोष्ट कुणाकडून तरी बाहेर गेली आणि आठ दिवसांत एक गृहस्थ मोटारसायकलवर पेटी बांधून हजर झाले.

पेटी बंद होती. ते म्हणाले, "ताई, पवनचक्की कशाला? वारा पडला की ती बंद. ह्या पेटीत चुंबकं आहेत. एकदा फिरवून दिली की चुंबकच चुंबकाला ढकलतं. वारा नको, डिझेल नको, ऊन नको. तीन किलोवॅट वीज, जन्मभर." त्यांनी बटण दाबलं, आतून घुंईऽ असा आवाज आला आणि एक बल्ब लागला. आम्ही सगळ्या बघतच राहिलो. किंमत चाळीस हजार. गटाच्या खात्यात तेवढे होते.

त्या दिवशी पैसे दिले नाहीत, याला कारण आमच्या थोरल्या काकू. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "दादा, चुंबक ढकलतं म्हणता, मग सायकलचा दिवा लावला की सायकल जड का चालते?" गृहस्थ हसले आणि म्हणाले, "काकू, ती जुनी गोष्ट झाली." पण प्रश्न आमच्या डोक्यात राहिला. आठ दिवसांनी या असं सांगून त्यांना पाठवलं, आणि त्या आठ दिवसांत आम्ही हा विषय शिकलो. जवळच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातल्या भावांनी मदत केली. तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

सुरुवात सायकलच्या डायनामोपासून करू. बाटलीसारखा तो डायनामो चाकाला टेकवला की त्याची टोपी फिरते. टोपीच्या दांड्याला आत एक चुंबक असतो. त्याच्या भोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, त्याला कॉइल म्हणतात. कॉइल जागेवर असते, चुंबक फिरतो. दोघांचा एकमेकांना स्पर्शही होत नाही. तरी तारेत वीज येते आणि दिवा लागतो. बहुतेक डायनामोंवर ६ व्होल्ट, ३ वॅट असं लिहिलेलं असतं.

स्पर्श नाही तर वीज येते कशी? चुंबकाच्या भोवती त्याचा प्रभाव पसरलेला असतो. टाचणी जवळ नेली की चिकटायच्या आधीच ती ओढली जाते, तो हा प्रभाव. चुंबक कॉइलजवळ आला की तिच्या भोकातून जाणारा हा प्रभाव वाढतो, दूर गेला की कमी होतो. हा बदल होत असतो तेवढाच वेळ तारेत विजेचा दाब तयार होतो. दाब म्हणजेच व्होल्टेज. उंचावरच्या टाकीमुळे नळाच्या पाण्याला दाब येतो, तसाच हा तारेतल्या विजेचा दाब. पण ध्यानात ठेवा, दाब येतो तो बदलामुळे. कितीही ताकदवान चुंबक कॉइलमध्ये नुसता ठेवून दिला, तर काहीही मिळत नाही.

हे शोधून काढलं मायकेल फॅरेडे यांनी, लंडनमध्ये, १८३१ साली. त्यांचे वडील लोहार होते. फॅरेडेंचं शाळेतलं शिक्षण जेमतेम. चौदाव्या वर्षी ते पुस्तकं बांधणाऱ्याकडे कामाला लागले आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचत वाचत शिकले. कॉइलमध्ये चुंबक सारला की मोजणीचा काटा एका बाजूला हलतो, स्थिर धरला की काटा परत जागेवर येतो, बाहेर काढला की दुसऱ्या बाजूला हलतो, हे त्यांनी पाहिलं. आज धरणावरची वीज, कोळशाची वीज, मोठ्या पवनचक्कीची वीज, सगळी याच तत्त्वावर निघते. शिकलेलं घर नाही म्हणून विज्ञान आपलं नाही, असं म्हणायचं कारण नाही.

आम्ही हा प्रयोग गटात करून पाहिला. तुम्हीही करू शकता. वायरिंगच्या प्लास्टिक पाइपचा वीतभर तुकडा घ्या. रिवाइंडिंगच्या दुकानातून शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक तांब्याची तार आणा. पाइपाच्या मधोमध दोन बोटं रुंदीत त्या तारेचे आठशे ते हजार वेढे घाला. मोजायला दोघी बसा, एकीने गुंडाळायची, दुसरीने शंभर शंभरला काडी मांडायची. या तारेवर वार्निशचा पातळ थर असतो, म्हणून दोन्ही टोकं पॉलिश पेपरने लाल चकचकीत होईपर्यंत घासा. हा थर राहिला तर जोड लागत नाही. टोकांना दोन लहान लाल एलईडी दिवे जोडा, पण एकमेकांच्या उलटे. आता पाइपात जोरदार चुंबक घाला. निओडिमियमचा, पाइपात सहज सरकेल असा. दोन्ही टोकं बोटांनी बंद करा आणि घुसळल्यासारखा पाइप जोरात हलवा.

अंधारात हलवलंत की दिसेल, दोन्ही दिवे आळीपाळीने चमकतात. चुंबक आत शिरताना एक, बाहेर निघताना दुसरा. म्हणजे वीज एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने वाहते. हाच आपला एसी करंट. हात थांबला की अंधार. सावकाश हलवलं तरी अंधारच, कारण दिवा लागण्याइतका दाब तयार होत नाही. आमच्या प्रयोगाच्या वेळी लाइट गेलेलीच होती. ते दिवे चमकले तेव्हा लहान पोरांपेक्षा आम्हीच जास्त ओरडलो.

या प्रयोगातून चार गोष्टी कळतात. चुंबक जितका जोरदार, तितका दाब जास्त. वेढे जितके जास्त, तितका दाब जास्त. वेग जितका जास्त, तितका दाब जास्त. आणि चुंबक कॉइलच्या जितका जवळून जाईल, तितका दाब जास्त. मधली फट वाढली की दाब उतरतो. घरगुती पवनचक्कीची सगळी करामत या चार गोष्टींत आहे.

आता ती पवनचक्की बघू. स्कॉटलंडमध्ये स्कोरेग नावाचं एक समुद्राकाठचं ठिकाण आहे. तिथे गाडीरस्ता नाही आणि बाहेरून विजेची लाइनही आलेली नाही. तिथे राहणाऱ्या ह्यू पिगॉट यांनी घरच्या घरी बनवता येईल अशी पवनचक्की तयार केली आणि ती कशी करायची ते पुस्तकांतून सगळ्यांना सांगितलं. आज कितीतरी देशांत लोक त्यांच्या पद्धतीने पवनचक्क्या बनवतात.

तिची रचना अशी. लोखंडाच्या दोन जाड तबकड्या, जात्याच्या दोन तळ्यांसारख्या समोरासमोर. जात्याचं एकच तळं फिरतं, इथे दोन्ही तबकड्या एकदम फिरतात. प्रत्येक तबकडीवर गोलाकार चुंबक बसवलेले असतात. एका नेहमीच्या आकारात ते बारा असतात, एक उत्तर तोंडाचा, शेजारचा दक्षिण तोंडाचा, असे एकाआड एक. दोन तबकड्यांच्या मधल्या फटीत तिसरी एक चकती असते, ती फिरत नाही. तिच्यात तांब्याच्या तारेच्या नऊ कॉइल रेझिनमध्ये ओतून पक्क्या केलेल्या असतात. वारा लाकडी पाती फिरवतो, पात्यांबरोबर चुंबकांच्या तबकड्या फिरतात, आणि प्रत्येक कॉइलसमोरून उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण असे चुंबक सरकत राहतात. सारखा बदल, म्हणून सारखी वीज.

नऊ कॉइल तीन तीनच्या तीन जोड्यांत बांधतात. हेच थ्री फेज. पूर्वी तिघी जणी एकाच उखळात आळीपाळीने मुसळ घालायच्या. एकीचं वर जाताना दुसरीचं खाली येतं, म्हणून कांडण थांबत नाही. तसंच एका फेजचा जोर उतरतो तेव्हा दुसरीचा चढलेला असतो.

थोडा ढोबळ हिशेब करू. समजा, एका ठरावीक वेगाला तारेच्या एका वेढ्यात व्होल्टचा दहावा भाग तयार होतो. मग ८० वेढ्यांच्या कॉइलमध्ये ८ व्होल्ट. अशा तीन कॉइल एकीला एक जोडल्या की २४ व्होल्ट. वारा उतरून वेग निम्मा झाला की १२ व्होल्ट. ही वीज डायोडमधून जाते. डायोड म्हणजे विजेचा एकेरी दरवाजा. उलटसुलट वाहणारी वीज तो एका दिशेने करतो आणि ती बॅटरीत जाते. बॅटरी १२ व्होल्टची असेल, तर कॉइलचा दाब तिच्यापेक्षा वर चढल्याशिवाय एक थेंबही आत जात नाही. म्हणून मंद वाऱ्यात पाती गरगर फिरताना दिसतात, पण बॅटरी भरत नसते. पाती फिरली म्हणजे वीज आली असं समजू नका.

तुम्ही म्हणाल, मग वेढेच हजार घालू, दाब वाढेल. वाढेल, पण जागा तेवढीच. जास्त वेढे बसवायचे तर तार बारीक घ्यावी लागते, आणि बारीक तारेतून करंट कमी जातो, ती तापते. वेढे वाढवून वीज फुकट वाढत नाही. दाब वाढतो, करंट घटतो.

आता काकूंच्या प्रश्नाकडे येऊ. दिवा लावला की सायकल जड का? कॉइलला दिवा जोडला की तारेतून करंट वाहू लागतो. करंट वाहिला की ती कॉइल स्वतःच एक चुंबक बनते. आणि ती नेहमी फिरणाऱ्या चुंबकाच्या उलट जोर लावते. येणाऱ्याला ढकलते, जाणाऱ्याला मागे ओढते. म्हणून पायडल जड. जेवढी वीज घ्याल तेवढं जड. दिवा काढून टाका, डायनामो फिरेल, दाबही असेल, पण करंट नाही, म्हणून पायडल पुष्कळ हलकं.

हे ऐकल्यावर काकूच म्हणाल्या, "म्हणजे जात्यासारखं की. रिकामं जातं एका बोटाने फिरतं. दाण्याची मूठ घातली की हात भरून येतात. पण रिकाम्या जात्यातून पीठ पडत नाही." मैत्रिणींनो, आजच्या सगळ्या बोलण्याचा अर्क हा आहे. विजेचं पीठ पाहिजे तर कुणीतरी जातं ओढायला पाहिजे. सायकलला आपले पाय ओढतात, धरणावर पाणी ओढतं, पवनचक्कीला वारा ओढतो.

मग चुंबकाची ताकद? ती कशाला वापरता येत नाही? हा प्रश्न आमच्यातल्या पुष्कळ जणींनी विचारला. चुंबक खिळ्याला ओढतो, खरं आहे. पण ओढून झाल्यावर खिळा पुन्हा सोडवायला आपल्यालाच तेवढा जोर लावावा लागतो. उतारावरून गाडी आपोआप जाते, पण परत वर न्यायला बैल जुंपावे लागतात. फिरणं म्हणजे दर फेऱ्याला उतरणं आणि चढणं. एका फेऱ्यात चुंबकाने जेवढं दिलं तेवढंच तो परत घेतो. वर बेअरिंगचं घर्षण आणि तारेची उष्णता यांत थोडं वायाच जातं. म्हणून नुसत्या चुंबकाने चालणारं, आणि वर वीज देणारं यंत्र होऊच शकत नाही. ते कितीही नवं असो.

आठ दिवसांनी ते गृहस्थ आले. आम्ही तीन गोष्टी सांगितल्या. पेटी उघडून दाखवा. तीन किलोवॅट म्हणता, तर आमची कडबाकुट्टी हिच्यावर चालवा. आणि आज संध्याकाळपासून उद्या सकाळपर्यंत पेटी आमच्या अंगणात, आमच्या डोळ्यांसमोर चालू राहू द्या. ते म्हणाले, पेटी उघडली तर कंपनीचं गुपित फुटेल. कडबाकुट्टीला वेगळी जोडणी लागेल. रात्रभर थांबायला वेळ नाही. चहाही न घेता गेले. पेटीत काय होतं ते आम्ही पाहिलेलं नाही. पण एक बल्ब थोडा वेळ लावायला लपवलेली लहान बॅटरीही पुरते, एवढं आता आम्हाला कळतं.

एक गोष्ट अजून सांगायची आहे, आणि ती सांगायला आमच्यातल्याच एकीने आम्हाला सांगितलंय. पहिल्याच दिवशी, गटाला न विचारता, तिने स्वतःचे पाच हजार आगाऊ दिले होते. कोंबड्या विकून आलेले पैसे. ते परत आले नाहीत, फोन लागत नाही. महिनाभर ती बैठकीला आली नाही, लाजेने. आम्ही तिच्या घरी गेलो. तिला म्हटलं, बाई, तू एकटी फसली नाहीस, आम्हीही त्या बल्बकडे बघून मान हलवलीच होती. आता प्रयोगाचा पाइप तिच्याकडेच असतो. दुसऱ्या गटात दाखवायला तीच जाते.

मग पवनचक्कीचं काय? ती खरी आहे, पण तिचाही हिशेब मांडायला हवा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद दुप्पट नाही, आठपट होते. आणि वेग निम्मा झाला की ती आठव्या हिश्श्यावर येते. पात्यांच्या चक्राचा व्यास २.४ मीटर, म्हणजे साधारण आठ फूट धरा. सेकंदाला ३ मीटर असा मंद वारा असेल तर चांगल्या घरगुती यंत्रातून साधारण २० वॅट मिळतील, दोन एलईडी बल्बांपुरते. तोच वारा सेकंदाला ६ मीटर झाला तर दीडशे वॅटच्या आसपास. आपल्याकडे जोराचा वारा मुख्यतः पावसाळ्यात, जून ते ऑगस्ट. पुढे थंडीत तो पुष्कळ पडतो, पण तेव्हा ऊन स्वच्छ असतं. म्हणून नुसती पवनचक्की न घेता सोबत सोलर पॅनल असला तर दोघांचं जमतं. झाडांच्या आणि घरांच्या आडोशाला तर पवनचक्की लावूच नये. खांब त्यांच्यापेक्षा बराच उंच हवा आणि चारी बाजूंनी तारांचे ताण पक्के हवेत.

आणि जपायचं पण आहे. निओडिमियमचे मोठे चुंबक एकमेकांवर झेपावतात. मध्ये बोट सापडलं तर चेचतं. मुलांच्या हातात देऊ नका. लहान चुंबक पोटात गेले तर जिवावर बेततं. ज्यांना हृदयाचा पेसमेकर आहे त्यांनी लांब राहावं. फिरत्या पवनचक्कीची बॅटरीची तार सुटली तर रिकाम्या जात्यासारखी ती बेफाम फिरते आणि दाब भलताच चढतो. ती थांबवायची तर तिन्ही फेजच्या तारा एकत्र जोडायचा खटका आधीच बसवून ठेवतात. तारा जोडल्या की कॉइलमधून भरपूर करंट वाहतो आणि तोच चुंबकांना अडवून धरतो. ज्या जोराने सायकल जड होते, तोच इथे ब्रेक. पण वादळ सुरू झाल्यावर नव्हे, वारा वाढायच्या आधीच खटका दाबायचा, नाहीतर कॉइल जळतात.

आम्ही काय ठरवलं? चाळीस हजार खात्यात आहेत. गोठ्यावर आधी लहान सोलर दिवा लावलाय. वर्षभर रोज सकाळ-संध्याकाळ वाऱ्याची नोंद वहीत करायची, पाळी लावून घेतली आहे. वर्ष झालं की वही उघडून ठरवू.

तुमच्या दारात कुणी वीज तयार करणारं यंत्र घेऊन आलं, तर एकच विचारा, "दादा, हे जातं ओढतंय कोण?" वारा, ऊन, पाणी, बैल, डिझेल, काहीतरी उत्तर आलं तर पुढे बोला. किती वॅट, किती तास, ते आपल्या डोळ्यांसमोर चालवून दाखवायला सांगा. पैसे बैठकीत ठरल्याशिवाय आणि पावती मिळाल्याशिवाय देऊ नका. आणि उत्तरच आलं नाही, तर चहा पाजा आणि पाठवून द्या.

पुढच्या बैठकीला कुणाच्या घरी डायनामोची जुनी सायकल असेल तर घेऊन या. चाक उचलून धरा, दिवा जोडून आणि दिवा काढून पायडल हाताने फिरवून बघा. आम्ही बोललो ते तुमच्या हातालाच कळेल. नमस्कार.